शर्मिष्ठा निरोप नेत नाही

दोन महिने जननीने एकच वाक्य घोकलं होतं. ते वडिलांसमोर म्हणायची वेळ आली तेव्हा तिने हात टेकले.

"मॅडम, तुम्हीच सांगा ना अप्पांना. तुमचं ऐकतील."

वाक्य साधं होतं: मामाच्या मुलाशी मी लग्न करणार नाही. पण जननीचं घर तंजावरच्या जुन्या मराठी घरांपैकी. अशा घरांत मुलीवर पहिला हक्क मामाचा. साखरपुडा पुढच्या महिन्यात होता. शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत पंधरा जणांची टीम सांभाळणाऱ्या जननीला घरी तोंड उघडवत नव्हतं. वडील, बँकेतून निवृत्त झालेले रघुराम, खाली रिक्षातून उतरत होते.

"मी इथेच बसेन," शर्मिष्ठा म्हणाली. "पण निरोप नेणार नाही. बोलायचं तू."

साठीला टेकलेल्या या समुपदेशक बाईंनी निरोप्याचं काम लहानपणीच करून संपवलं आहे.

वडील खडकीहून बदली होऊन दक्षिणेत, आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात आले, तेव्हा शर्मिष्ठा आठ वर्षांची होती. शाळेत तिने भराभर तमिळ उचललं. आईला ते येईना. शेजारच्या क्वार्टरमध्ये कामाक्षी मावशी राहायच्या. पहाटे त्या दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी काढत, त्यांच्या भाषेत कोलम. थोड्या वेळाने आई आपलं दार धुवायची आणि उतारावरून पाणी थेट त्या कोलमवर जायचं.

"तुझ्या आईला डोळे नाहीत का?" मावशी तमिळमधून विचारत.

"मावशी म्हणतात, आज पाण्याला जोर आहे," शर्मिष्ठा आईला मराठीत सांगे.

"सांग तिला, अंगण काय तिच्या बापाचं आहे?"

"आई म्हणते, तुमची रांगोळी फार सुंदर असते."

कारखान्याचा भोंगा होईपर्यंत हे चाले. मग पुरुषांच्या सायकली निघत, ओल्या सिमेंटवर पिठाचा पांढरा ओघळ राही आणि दोन्ही बायका एकमेकींकडे बघून हसत. तीन वर्षं हसत राहिल्या. कामाक्षी मावशींना वाटे, ही बाई रांगोळीचं कौतुक करते आणि रोज पुसून टाकते, महा ढोंगी आहे. आईचंही मत फार वेगळं नव्हतं. सणाला ताटं जात-येत, पण एकीने दुसरीच्या घरात पाय ठेवला नाही.

तोवर भाजीवालीशी घासाघीस करता करता आईला तमिळ यायला लागलं होतं. एके सकाळी तिने मावशींचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि तमिळमध्येच उत्तर दिलं. क्वार्टरची अख्खी ओळ बघायला बाहेर आली. भांडण असं झालं की पात्रातलं पाणी आटून इडल्या करपल्या. संध्याकाळी ठरलं: दार आधी आईने धुवायचं, कोलम मागाहून. पुढच्या आठवड्यात दोघी एका रिक्षातून मार्केटला गेल्या आणि येताना शर्मिष्ठाला एकसुरात म्हणाल्या, "लबाड कार्टी!"

तो दिवस कोणता होता, ते शर्मिष्ठाला आठवत नाही. ओशाळलेपण आठवतं. आपण चांगलं करतोय असं तिला खरंच वाटत होतं.

पुढे ती गिंडीत पंपांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगार विभागात लागली. तिथेही माणसं तेच मागायची. मालकाला सांगा, बायकोला सांगा, भावाला जरा समजावा. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिने मानसशास्त्राची पदवी घेतली आणि व्यसनमुक्तीच्या वॉर्डात शिकाऊ म्हणून उभी राहिली. तिथल्या डॉक्टर श्रीदेवींनी एकच गोष्ट पढवली: "नवरा-बायको बोलायला लागले की तू पंख्याकडे बघ." पंखा बघायला तिला काही वर्षं लागली. मग सॉफ्टवेअर कंपन्यांमधलं समुपदेशन आलं, आणि आता वेळाचेरीतल्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावरची ही खोली. इथे कुणी दार धूत नाही. समोरच्या फ्लॅटच्या उंबऱ्याशी कोलमचा स्टिकर आहे. जाता-येता शर्मिष्ठा त्याच्याकडे बघते. आता आईही नाही, मावशीही नाहीत.

रघुराम आत आले, बसले. "अक्का, पोरीला दोन शब्द सांगा. तुम्ही आपल्यातल्या."

"तिलाच काही सांगायचंय."

जननी तमिळमध्ये सुरू झाली. "मराठीत बोल," रघुराम म्हणाले. "घरची गोष्ट आहे."

तिचं मराठी तोकडं. त्यात आडवळणं नव्हती. "मी त्याच्याशी लग्न करत नाही. तो मला भाऊ वाटतो."

"तुझ्या आईच्या आजारात मामा रात्र-रात्र बसला होता. त्याला काय तोंड दाखवू?"

"मामा चांगलाच आहे, अप्पा. लग्न मामाशी नाहीये."

रघुराम शर्मिष्ठाकडे वळले. "हिच्या मनात असं नाही, अक्का. हिला काय म्हणायचंय ते तुम्ही सांगा."

शर्मिष्ठाच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं: तिला थोडा वेळ हवाय. साखरपुडा पुढे गेला असता, सगळे हसत घरी गेले असते. तिने पंख्याकडे बघितलं.

मग रघुरामनी मुलीलाच विचारलं, "कधीपासून?"

"बारावीपासून."

"आणि पोंगलला त्याच्या शेजारी उभी राहून हसत होतीस? फोटोत?"

"तुम्हीच म्हणत होता, हस, हस."

त्यांचा चेहरा लाल झाला. उठले, दारापर्यंत गेले, परत फिरले. "मामाला मी सांगणार नाही. मामीने साड्या आणून ठेवल्यात. तूच फोन कर."

"करते." जननीने मोबाइल काढला.

"आत्ता नको." रघुराम खुर्चीत बसले. "दुपारचा झोपतो तो. उठवलंस तर दोन गोष्टींवरून चिडेल. चारला कर. मी शेजारी बसतो."