ट्रॉम्सो ते लाँगियरब्येन, एक तास चाळीस मिनिटं

आधीच सांगते, असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचे. दुबईत, जबल अली बंदराजवळच्या एका लॉजिस्टिक्स ऑफिसात मी अकरा वर्षं आहे. माल कुठून निघाला, कधी पोचेल, दिवसभर हेच. अंतर आणि वेळ जुळत नसेल तर समोरचा थापा मारतोय... एवढंच मला कळतं.

गेल्या जानेवारीत माझा नवरा मिलिंद पंधरा दिवसांच्या कामासाठी नॉर्वेच्या पार उत्तरेला गेला. आमच्या घरची पद्धत अशी, की विमानात बसलं की 'बसलो' मेसेज आणि उतरल्यावर 'पोचलो' म्हणून फोन. त्या शनिवारी ट्रॉम्सोहून मेसेज आला – 'बसलो. आता लाँगियरब्येन.' आमच्याकडे दुपारचा एक वाजून दहा. साडेनऊशे किलोमीटरच्या वर अंतर, फ्लाइट एक तास चाळीस मिनिटं. सवयीने मी आधीच बघून ठेवलं होतं.

एक पस्तीसला फोन वाजला. त्याचाच नंबर. इथे व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाहीत, साधाच कॉल होता. माझे हात कणकेचे, म्हणून इराने, आमच्या दहा वर्षांच्या लेकीने, स्पीकर ऑन केला.

"नीता, मी परत येणार नाहीये," मिलिंद म्हणाला. "इकडेच राहणार. केव्हाच ठरलंय." फोन कट.

"आई, व्हाय इज बाबा नॉट कमिंग बॅक?"

मी वेड्यासारखी फोन लावत राहिले. बंद! तीनला पाच कमी असताना त्याचा फोन आला. "पोचलो गं! काय थंडी आहे..."

मी फाडफाड बोलले. तो आधी हसला, मग भडकला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हवेत होतो मी!" बोर्डिंग पास पाठवला. ट्रॅकरवर मी स्वतः पाहिलं – एक पस्तीसला विमान समुद्रावर होतं. त्यात वायफायही नव्हतं. त्याच्या फोनमध्ये कॉलची नोंद नाही. माझ्या फोनमध्ये मात्र आहे, अजूनही.

आकडे त्याच्या बाजूने होते. मग काय... मी माफी मागितली. तो येणार म्हणून डिंकाचे लाडूसुद्धा करून ठेवले, मूर्ख बाई मी!

पंधरा दिवसांनी तो आलाच नाही, ईमेल आला. तिकडची नोकरी सहा महिन्यांपूर्वीच पक्की झाली होती. सोबत एक बाईही होती. चौदा वर्षांचा संसार, आणि खलास, तीन ओळींत!

तो फोन कोणी केला? मिलिंद आजही शपथेवर 'मी नाही' म्हणतो, आणि नेमकं एवढंच मला खरं वाटतं.

त्या शनिवारी इरा रडून सांगत होती, "ही इज लाइंग, आई." मी तिला दटावून फोनवर बाबाची माफी मागायला लावली होती. ईमेल आल्यावर तिने मला एकच विचारलं, "देन व्हाय डिड आय से सॉरी?"