खरंच टाकू का

जालन्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात मी यादीवाली मॅडम, प्रत्येक गोष्टीची यादी वहीत लिहून ठेवणारी. मंठ्याच्या एका आडत दुकानाचा वजनकाट्याचा प्रोग्राम आम्ही सांभाळतो. एका सकाळी तिथल्या पावत्या छापणं बंद पडलं. दुरुस्ती किरकोळ होती, पण ती पाठवायची सोय फक्त माझ्या तरुण सहकारिणीच्या कॉम्प्युटरवर. ती बहिणीच्या लग्नाला केदारखेड्याला गेलेली. जाताना बजावून गेली होती, "मॅडम, चार दिवसांचं काम अर्धवट पडलंय. तेवढं सांभाळा."

मी तिच्या खुर्चीत बसले आणि सवयीने 'साफ' टाइप केलं. प्रोग्राममधले बदल जपणाऱ्या गिटमध्ये लांबलचक आज्ञांना आपल्या सोयीची छोटी नावं देता येतात. माझं 'साफ' अर्धवट काम पुसून टाकतं. माझ्या वहीतल्या आज्ञांच्या यादीत ते पहिल्याच पानावर, लाल शाईत.

पडद्यावर आलं: अशी आज्ञा नाही.

मी हात मांडीवर घेतले. ही नावं ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरपुरती असतात, म्हणून तिचं चार दिवसांचं काम वाचलं होतं.

मग नीट, तिनं ठेवलेल्या नावांची यादी मागवली. अकरा ओळी. 'बघ' म्हणजे काय बदललं ते दाखव. 'ठेव' म्हणजे अर्धवट काम बाजूला ठेव. 'आण' म्हणजे ते परत आण. सगळी बिनधोक कामं दोन-तीन अक्षरांत. आणि काम पुसणाऱ्या आज्ञेचं नाव: 'खरंच-टाकू-का'. इतक्या वर्षांत माझ्या एकाही यादीला असली शिस्त सुचली नव्हती.

'ठेव' केलं, दुरुस्ती करून पाठवली, 'आण' केलं. तिची ओळन् ओळ जागेवर आली. मंठ्याहून पावती निघाल्याचा निरोप आला.

दुपारी तिचा फोन लागला. मागे बँडचा गोंगाट.

"तुझं काम जसंच्या तसं आहे. पण एवढं लांब नाव कशाला गं?"

"मंग काय मॅडम! तेवढं टाइप करेपर्यंत माणूस भानावर येतंय."

मी 'साफ'चं सांगून टाकलं.

"म्हंजे मी तुमच्यासारखं नाव ठेवलं असतं तर..."

"सगळं उडालं असतं."

"आता लाडू न्हाई आणत तुम्हाला," ती म्हणाली आणि हसली.

मी माझ्या कॉम्प्युटरवरचं 'साफ' काढलं, तिथं तिचं 'खरंच-टाकू-का' ठेवलं. वहीतही लाल शाईवर काट मारली.