जीपमामाच्या आरशावरचं वाक्य

हे आत्ताच्या आत्ता लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल, म्हणून टायपिंगच्या चुका पोटात घाला. आज ऑफिसात सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू येईपर्यंत राग आला. का ते शेवटी सांगते. आधी जीपमामा.

जीपमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. नव्वदच्या दशकात डहाणू स्टेशन ते तलासरी अशी माणशी भाडं घेणारी जीप चालवायचा. बाबा रेल्वेत, आम्ही क्वार्टर्समध्ये आणि मामा आमच्याकडेच. मामा बोलताना अडखळायचा. थोडंथोडकं नाही, शब्द अडकला की मान वाकडी व्हायची, डोळे मिटायचे. पण जीपच्या पायरीवर उभा राहून "तलासरी तलासरी तलासरीऽऽ" असा सूर लावायचा ना, तेव्हा एक अक्षर अडायचं नाही! खाली उतरून "भाडं द्या" म्हणायची वेळ आली की झालं. भ-भ-भ.

आणि लोक काय करायचे? त्याचा शब्द आपणच पूर्ण करायचे. वाटेत चारोटीला एकदा टायर बसला. मामा म्हणतोय, "प-प-प..." एक म्हणाला, "पाणी पाहिजे?" दुसरा म्हणाला, "पोलीस? कुठे पोलीस?" आणि दोघंतिघं मागच्या मागे उतरून पळाले, कारण जीपमध्ये जास्तीची माणसं कोंबलेली. मामा हसत हसत खाली बसला आणि पंक्चरकडे नुसतं बोट दाखवलं. एक गुजराती किराणावाले काका मात्र नेहमी म्हणायचे, "उतावळ नथी भाई, घाई नाही, बोल तू."

आणखी एक माणूस थांबायचं. तलासरीहून रोज येणाऱ्या बालवाडीच्या बाई. पुढच्या सीटवर बसायच्या. मामाचा शब्द अडला की त्या शांतपणे बाहेरच्या चिकूच्या वाड्या बघत राहायच्या, शब्द आला की वळून उत्तर द्यायच्या. कधी शब्द पूर्ण केला नाही, कधी घड्याळ बघितलं नाही. मामाला त्या आवडायच्या. हे क्वार्टर्समधल्या मांजरालासुद्धा माहीत होतं.

मग गावात सकारात्मक विचारांचं एक शिबिर आलं. शिबिरवाले सर मुंबईहून यायचे, पांढरा शर्ट, दात सगळे दिसणारं हसू. त्यांनी मामाला एक वाक्य दिलं: "मी स्पष्ट आणि न अडखळता बोलतो." आरशासमोर म्हणायचं. आणि 'मी अडखळतो' हे कधीच, कुणापुढेच म्हणायचं नाही. तोंडातून गेलं की ते खरं होतं म्हणे! अरे, ते खरंच होतं की! मामा लहानपणापासून अडखळत होता, सरांना विचारून नाही.

मामाचा दिवसभराचा आरसा म्हणजे जीपमधला. त्यानं वाक्य कागदावर लिहून तिथेच चिकटवलं. मागची गाडी दिसेना. आई ओरडली, "अरे, ठोकशील कुणाला!" मामा सकाळी इंजिन गरम होईपर्यंत आरशाकडे बघून म्हणायचा, "मी स्प-स्प-स्प..." आणि ते वाक्य त्याला एकदाही धड म्हणता आलं नाही. म्हणजे रोज दिवस उजाडला की पहिली गोष्ट काय, तर हरायचं. आधी तो अडकला की हसायचा. आता हसेना. भाडंसुद्धा बोटांनी दाखवायला लागला.

अशातच बाईंच्या घरी बघण्याचा कार्यक्रम ठरला. आई, बाबा, मामा आणि नवीन फ्रॉकमध्ये मी. बाईंचे वडील सरळ माणूस. चहा झाल्यावर म्हणाले, "ऐकलंय की बोलताना तुमचं जरा अडतं. आम्हाला त्याचं काही नाही. पण तुमच्या तोंडून ऐकलं म्हणजे बरं."

फक्त 'हो' म्हणायचं होतं हो! एवढंच!

मामानं आईकडे बघितलं, मग छताकडे, आणि म्हणाला, "नाही." हा शब्द कसा खणखणीत आला. "मी स्प-स्प-स्प..."

कितीतरी वेळ. दारात उभ्या असलेल्या बाईंनी या वेळी बाहेर बघितलं नाही. मान खाली घातली.

वडील म्हणाले, "माझी मुलगी रोज यांच्या जीपने जाते. तिनंच मला सांगितलंय सगळं. मग खोटं कशाला?"

आई घाईघाईनं म्हणाली, "अहो, त्याला शिबिरात तसं शिकवलंय..."

"खोटं बोलायला शिकवलंय?"

संपलं. आईनं दोनदा निरोप पाठवला, उपयोग झाला नाही.

आई मामाला घेऊन सरांकडे गेली. आणि सर काय म्हणाले? "वाक्यात शक्ती आहेच. यांनी मनापासून म्हटलं नसणार." आई म्हणाली, "जमलं तर तुमच्या वाक्यामुळे आणि बिघडलं तर माझ्या भावामुळे? वा!" आणि चप्पल घालून निघाली. मला अजून वाटतं, ती चप्पल तिनं पायात घालायला नको होती.

मामानं रॉकेलचा बोळा फिरवून आरसा साफ केला. दुसऱ्या दिवशी जीप भरल्यावर पायरीवर चढला आणि सगळ्यांना म्हणाला, "म-मी अडखळतो. भाडं सांगायला व-वेळ लागेल. थांबायचं." मागून एक म्हातारी खेकसली, "माहीत आहे रे पोरा, गाडी काढ!" सगळी जीप हसली. मामाही. अडखळणं गेलं नाही, कधीच नाही. पण मान वाकडी व्हायची ती हळूहळू कमी झाली.

बाईंचं लग्न वापीला झालं. त्याआधी शेवटच्या दिवशी त्या पुढच्याच सीटवर बसल्या होत्या, मी मागे. उतरताना म्हणाल्या, "त्या दिवशी 'मी अडखळतो' एवढंच म्हणाला असतात तर..." मामा काहीच बोलला नाही. शब्द अडला म्हणून नव्हे, एवढं मलाही कळलं.

पुढे मी अडखळायला लागले. घरात सगळे घाबरले, मामा नाही. म्हणाला, "आधी सांगून टाकायचं. मग उ-उरलेलं बोलणं हलकं जातं." आता कुणी म्हणू नका की मला उमेदीच्या बोलण्याचं वावडं आहे. 'जमेल तुला' असं मामाही म्हणायचा, सायकल शिकवताना. पण तेव्हा त्यानं मागून सीट धरलेली असायची!

मामा गेला. फोन उचलल्यावर नुसती शांतता आली की मी ओळखायचे, मामा आहे, आणि थांबायचे. आता फोन उचलला की लोक लगेच बोलायला लागतात.

तर आज. ऑफिसात ट्रेनिंग होतं. ट्रेनर म्हणाला, एकेकानं उभं राहून स्वतःबद्दल एक वाक्य सांगा. मी मामाचं वाक्य घेऊन उभी राहिले. "मी अ-अ-अ..."

"अप्रतिम बोलते!" त्यानं पूर्ण केलं. "व्हेरी गुड! टाळ्या!"

तुमचं वाक्य असं कुणी तोंडातून काढून घेतलंय का कधी? मग काय केलंत? लिहा मला. वेळ लागला तरी लागू दे, मी थांबते.