देवघराखालचा थर्मोकोल

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये.

इथे परदेशात, बॉथेलमध्ये, आमचं घर जुनं; जमीन काँक्रीटची, खाली दोन फूट पोकळी. हिवाळ्यात जमीन नुसती बर्फ! आज शेवटी खालून इन्सुलेशन करून घेतलं.

काम करणारा टॉम सरपटत बाहेर आला. म्हणाला, "एका ठिकाणी आधीच कुणीतरी लावलंय."

टॉर्च घेऊन मी आत शिरलो. आमच्याच टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल, विटा रचून स्लॅबला टेकवलेला. त्यावर बॉलपेनने, बाबांच्या अक्षरात: 'ही बाजू वर.' बरोब्बर देवघराखाली.

तीन वर्षांपूर्वी आई-बाबा आले होते. बाबा म्हणाले होते, "पूजेला बसली की तिचे पाय गारठतात रे."

"मोजे घालू दे ना. इन्सुलेशन पुढच्या वर्षी बघू."

मोजे घालून ती पूजेला बसणार नाही, हे मला माहीत होतं.

मी ऑफिसात असताना सत्तरीचा माणूस इथे एकटा सरपटला. कुणाला बोलला नाही. आता बाबा नाहीत.

"काढू?" टॉमने विचारलं. मी नको म्हटलं.

आई अजून फोनवर सांगते, "तुझ्याकडे पूजेला बसताना नंतर नंतर पाय गारठले नाहीत बघ. देवाचीच कृपा."

तुम्ही तिला सांगितलं असतं?