बस वळणार नाही

आमच्या काकांनी जन्मभर सिटी बस चालवली आणि कोणाला साधा धक्कासुद्धा लागू दिला नाही. हे तुम्हाला माहीत नसेल, तर तुम्ही काकांना भेटलेलेच नाही. निवृत्त झाल्यावरही ते खिडकीशी खुर्ची टाकून खालच्या रस्त्यावरच्या बसेसवर देखरेख करत. कोणी ब्रेक उशिरा दाबला, कोणी आरसा बघितला नाही, सगळ्यांना वरूनच सुनावत. ऐकायला काकू आणि मी. मी त्यांची पुतणी. शिकायला म्हणून आले ती तिथलीच झाले.

रस्त्यापलीकडे, बरोबर समोरच्या इमारतीत काकूची धाकटी बहीण राहायची. आम्ही तिला धाकटीच म्हणायचो. पूर्वी काकू कुकर गॅसवर चढवून तिच्याकडे जायची आणि शिट्टीच्या आत परत यायची. मग गाड्या वाढल्या, काकूचे गुडघे गेले. काका अजून नोकरीत होते तेव्हाची गोष्ट: एकदा ती रस्त्यात मधोमध अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि चहूकडून हॉर्न. त्यातला एक बसचा होता. कशीबशी घरी परतली आणि पुन्हा कधी गेली नाही. पुढे धाकटीने अंथरूण धरलं. दोघी एकमेकींची खिडकी बघत फोनवर बोलायच्या. मला त्या फोनचा फार राग यायचा.

तशात पालिकेने रस्ता बदलायचं ठरवलं. चौकातले कोपरे पुढे आणायचे, फुटपाथ रुंद करायचे, मधोमध माणसांना थांबायला ओटा बांधायचा. खालच्या फर्निचरवाल्याला दुकानासमोरचं पार्किंग जाण्याची धास्ती. त्याने काकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि सभेला नेलं. नमनाला घडाभर तेल झाल्यावर काका उठले.

"बस वळणार नाही," एवढंच म्हणाले आणि बसले. सभा गार. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

घरी काकूने ताट वाढलं आणि स्वतः न जेवताच ती आत गेली.

"हिला काय झालं?" काकांनी मला विचारलं.

"तो ओटा झाला तर तिला धाकटीकडे जाता येईल," मी म्हटलं.

"येईल की. पण बस वळायला नको?"

पालिकेची इंजिनिअर बाई मात्र चिवट निघाली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला, काका? मी आखून देते, तुम्हीच वळवून दाखवा," म्हणाली. रविवारी सकाळी चौक बंद करून तिने नारिंगी प्लॅस्टिकचे शंकू मांडले आणि ओटा, कोपरे, सगळं हुबेहूब आखलं. डेपोने रिकामी बस दिली. काकांचं लायसन अजून चालू होतं.

फर्निचरवाला त्यांच्या कानाशी लागला. "एखादा शंकू आडवा झाला की काम फत्ते." काकांनी मान डोलावली.

काका चढले. आरसे नीट केले. चौकात येताच त्यांनी बसचा वेग माणसाच्या चालीवर आणला, पुढचं चाक जवळजवळ ओट्याला भिडवलं आणि स्टिअरिंग फिरवलं. अख्खी बस वळून गेली. एक शंकू हलला नाही.

"काका, एक तरी पाडायचा ना," फर्निचरवाला कळवळला.

"मनात होतं रे," काका खजील होऊन म्हणाले. "हात ऐकेनात." मग बाईकडे वळले. "पण फार हळू घ्यावी लागते हो."

"हळूच घ्यायला हवी आहे," बाई म्हणाली.

शंकू महिनाभर तसेच ठेवून बघायचं ठरलं. चौक पुन्हा उघडला आणि बस वळवून पलीकडे उतरलेले काका तिकडेच राहिले. डेपो आमच्याच बाजूला, त्यामुळे हा रस्ता पायी ओलांडायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आलेली. त्यांनी तो पाहिला होता उंचावरून, काचेआडून. आता ते पाऊल टाकत होते, मागे घेत होते. मला हसू आलं, मग येईना. शेवटी ते निघाले, शंकूंच्या मधल्या जागेत पोचले आणि तिथेच उभे राहिले. वर खिडकीत काकू होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी काकूच्या चपला स्वतः दाराशी आणून ठेवल्या. ती चपला घालून त्यांच्याबरोबर निघाली. मी मागे होतेच. मधल्या जागेत काकूला धाप लागली, म्हणून तिघं थांबलो. समोरून बस आली. ड्रायव्हर पोरगेलासा होता. त्याने बस थांबवली आणि हाताने जा म्हणून खूण केली.

काकू त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही थांबायचात का हो असं?"

काकांना थाप मारता आली असती. "नाही," ते म्हणाले. "हॉर्न द्यायचो."

"माहितीये," काकू म्हणाली. "त्या दिवशी तुमचीच बस होती."

काका जागीच उभे राहिले. काकूने त्यांचा दंड धरला.

"चला आता," ती म्हणाली. "तो खोळंबलाय."