अर्धं भाडं

पगार झाला की पहिले चार-पाच दिवस मी बरी वागते. मग चिडचिड सुरू. शहराच्या कडेला बेस्यातल्या खोलीचं भाडं सहा हजार, दोन वेळचा डबा, मिहानमधल्या ऑफिसपर्यंत स्कूटीचं पेट्रोल, गावी पाठवायचे पैसे, आणि एप्रिल लागला की कूलर. घरमालकाने माझ्या खोलीचं मीटर वेगळं करून जिन्यात लावलंय. त्या मीटरकडे बघायचं नाही असं रोज ठरवते आणि रोज बघते.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. एकटीने खोली घेणारीही मीच पहिली. त्याचा मला गर्व आहे, लपवत नाही.

या उन्हाळ्यात बाबांचा फोन आला. नात्यातल्या एका मुलीला इथे शहरात, सदरमधल्या दुकानात नोकरी लागली होती.

"तिले तुह्याजवळ ठेव. भाडं अर्धं होते. एकटीले येवढी खोली काहून लागते?"

हिशेबाने त्यांचं बरोबरच होतं. मला फक्त कोणी नको होतं, आणि ते काही सांगण्यासारखं कारण नव्हे. गावी आम्ही सहा जण दोन खोल्यांत. कपडे बदलायचे तर आधी कोणाला तरी बाहेर पिटाळावं लागायचं.

दुसरी गादी कुठे बसते ते बघायला बाबांनी आईला पाठवलं. तिने उभ्या-उभ्या खोली पाहिली आणि तिथूनच बाबांना फोन लावला. "दोघी काय, तिघी मावतात इथं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं कशात लक्ष नाही. आईला काय सांगायचं ते जुळवत होते आणि खोडत होते. 'मला दार लावून बसायला आवडतं' असं सांगितलं तर ती हसेल. शहरात जाऊन पोरीचं डोकं फिरलं म्हणेल.

संध्याकाळी आले तर दार आतून बंद. वाजवलं, हाका मारल्या. कूलरच्या घरघरीत तिला ऐकू जाईना. शेवटी दारावर लाथ घातली, तेव्हा कडी निघाली. आईचे केस मोकळे, गालावर चटईचे वळ. सकाळची भांडी तशीच पडलेली. पाहुणी म्हणून गेली तरी दुसऱ्याच्या घरची भांडी घासून येणारी बाई ही.

"बरं नाही का वं?"

"काय झालं मले? पडून होतो. दुपारपासून कोणी हाकच नाही मारली."

"मग कडी काहून लावली?"

"लावून पाहिली," ती म्हणाली आणि केस बांधायला लागली.

तेवढ्यात बाबांचा फोन. आईने स्पीकरवर घेतला. पोरीला कधी पाठवायचं?

"नाही जमत अहो. लहान आहे खोली."

"कालच तर तिघी म्हणत होती!"

"काल सामान कुठं पाहिलं होतं मी!"

सामान म्हणजे एक गादी, एक बॅग आणि कूलर. मी तोंड फिरवलं.

फोन ठेवून तिने विचारलं, "पुरं भाडं भरणं होते ना तुह्यानं?"

"होते," मी म्हटलं. तेवढ्यात मनात संध्याकाळचा डबा बंद करून टाकला.

मी कूलर कमी करायला उठले तर तिने हात धरला. "राहू दे चालू. तू जाऊन ये बरं जरा. भाजी-बिजी आण. घाई नको करू."

जिन्यात मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. मागे पुन्हा कडी लागली.