परसातली कोथिंबीर आणि यांच्या किडन्या

"तुमच्या रक्तात शिसं वाढलंय आणि त्याचा मार किडन्यांना बसतोय," नांदेडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा आमचे हे चक्क हसले.

"म्याडम, पंचवीस वर्सं शिशातच हात हायेत माझे. आज काय नवं?"

मुखेडला स्टँडजवळ यांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. पाय सुजत होते, तोंडाची चव गेली होती आणि आम्ही दोन महिने त्याला पित्त म्हणत बसलो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, वाढलं होतं. असंच चाललं तर डायलिसिस, एवढंच मला ऐकू आलं. मी घाबरले.

दुकानाला कुलूप लागलं, औषधं सुरू झाली. मग मी मोबाइलवर वाचलं, की पालेभाज्यांत अँटिऑक्सिडंट असतात, म्हणजे पेशींची झीज रोखणारी द्रव्यं. ती शिशापासून किडनी वाचवतात म्हणे. झालं! परसातली कोथिंबीर चटणीत, वरणात, ताकात. हे वैतागायचे, "मला शेळी करून राहिली काय?"

महिन्याने तपासलं, तर शिसं उतरायचं सोडून चढलेलं. हे चोरून दुकानात जातात, अशी माझी खात्रीच पटली. वेटिंग रूममध्ये आमची अशी जुंपली, की बाकीच्या पेशंटांची छान करमणूक झाली.

बाईंनी शांतपणे एकेक विचारलं. पाणी कुठलं? भांडी कसली? भाजी कुठली?

"घरचीच," मी ऐटीत सांगितलं.

"वाफ्याला पाणी?"

यांचे दुकानातले काळे कपडे मी परसात धुते. आमच्याकडे पाण्याची टंचाई, म्हणून ते पाणी वर्षानुवर्षं त्याच वाफ्याला. सांगता सांगता मलाच उमगलं, कपड्यांतलं शिसं कोथिंबिरीत उतरत होतं. रोगापेक्षा इलाज भयंकर, तो मीच रोज वाटीभर वाढत होते.

"कोथिंबिरीचा उंदरांवर फायदा दिसलाय, माणसांत अजून पक्कं नाही," बाई म्हणाल्या. "आधी शिसं आत जाणं थांबवा."

कोथिंबीर उपटली, वाफा बंद केला. शिसं लघवीवाटे काढणारी औषधं मिळाली. हळूहळू सूज ओसरली, क्रिएटिनिन उतरलं. डायलिसिसची गरज नाही, हे बाईंनी सांगितलं तेव्हा मला तिथेच फुगडी घालावीशी वाटली. तुमच्या घरी कुणी असं काम करत असेल, तर त्याचे कपडे वेगळे धुवा आणि ते पाणी भाजीला घालू नका, एवढं माझं ऐका.

तर त्या दिवशी मी पिशवी आवरून उठले, पण हे बाईंसमोर बसूनच.

"म्याडम, हिचंबी रक्त तपासा. कपडे हिनंच धुतले. कोथिंबीर मला वाढली, पर देठं हिनंच खाल्ली."

इतके महिने हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माझा रिपोर्ट चांगला आला, शिसं होतं पण धोक्याइतकं नाही. तो हातात घेऊन हा माणूस लहान पोरासारखा रडला, आणि मी, खरं सांगते, आयुष्यात इतकी खुश कधी झाले नव्हते.